जुन्या वाहनांच्या हेडलाईट वायरिंगमधील बिघाड

जुन्या वाहनांच्या हेडलाईट वायरिंगमधील बिघाड म्हणजे बॅटरी किंवा मॅग्नेटोपासून पुढील दिव्यांपर्यंतच्या विद्युत परिपथात निर्माण होणारा दोष होय. दिवा मंद पेटणे, लुकलुकणे किंवा अचानक विझणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. ताशी ६० किमी वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते; त्यामुळे मंद प्रकाशात अडथळा उशिरा दिसणे अपघातास कारणीभूत ठरू शकते.

रचना
चारचाकी वाहनांत विद्युतधारा बॅटरी, फ्यूज, मुख्य स्विच व अप्पर-डिपर स्विच या मार्गाने दिव्याकडे जाते आणि वाहनाच्या सांगाड्यातून (अर्थिंग) बॅटरीकडे परतते. १२ व्होल्टच्या प्रणालीत ६० वॉटचे दोन दिवे मिळून सुमारे १० अँपिअर धारा घेतात. अनेक जुन्या वाहनांत रिले नसल्याने ही संपूर्ण धारा स्विचमधूनच वाहते. काही जुन्या ब्रिटिश वाहनांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असते.

बजाज चेतक (१९७२) यांसारख्या जुन्या स्कूटरमध्ये हेडलाईटला मॅग्नेटोकडून थेट प्रत्यावर्ती धारा मिळते. इंजिन मंद फिरत असताना दिवा मंदावणे हे अशा वाहनांत बिघाडाचे लक्षण मानले जात नाही.

कारणे
* सांगाड्याशी असलेला जोड गंजणे किंवा सैल होणे
* स्विचचे संपर्कबिंदू जळणे
* बल्बचा होल्डर उष्णतेने वितळणे
* वायरचे आवरण उन्हाने तडकणे, धातूच्या कडेवर घासणे किंवा उंदरांनी कुरतडणे
* पावसाळ्यात जोडांमध्ये पाणी शिरणे

जोडातील रोध वाढला की दिव्यापर्यंत पोहोचणारा विद्युतदाब घटतो. तंतूच्या दिव्यात दाब १० टक्क्यांनी कमी झाल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

लक्षणांवरून निदान
* एकच दिवा बंद: बल्ब, होल्डर किंवा त्या दिव्याचे अर्थिंग
* दोन्ही दिवे बंद: सामाईक फ्यूज, मुख्य स्विच किंवा पुरवठ्याची वायर
* दोन्हींचा फक्त अप्पर किंवा फक्त डिपर बंद: अप्पर-डिपर स्विच
* इंडिकेटरबरोबर हेडलाईटही लुकलुकणे: सामाईक अर्थिंग सदोष
* फ्यूज वारंवार जळणे: वायर सांगाड्याला चिकटून शॉर्ट सर्किट
* स्कूटरचे बल्ब वारंवार उडणे: व्होल्टेज रेग्युलेटर निकामी

तपासणी
प्रथम बॅटरीची अग्रे, फ्यूज व बल्ब पाहिले जातात. टेस्ट लॅम्पने पुरवठा कोठपर्यंत येतो हे कळते. मात्र जोडातील रोध शोधण्यासाठी मल्टिमीटर आवश्यक असतो. दिवा पेटलेला ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन अग्राला व दुसरे दिव्याच्या धन टोकाला लावतात. वाचन साधारण ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आल्यास त्या मार्गात रोध आहे असे समजावे. दिव्याचे अर्थिंग टोक व बॅटरीचे ऋण अग्र यांच्यामध्येही अशीच तपासणी करतात; येथील फरक शून्याच्या जवळ असावा. दिवा बंद ठेवून केलेल्या मापनात धारा वाहत नसल्याने हा दोष लपून राहतो.

दुरुस्ती
काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंग वायर काढावी. अर्थिंगचा जोड धातू उघडा होईपर्यंत घासून पुन्हा घट्ट आवळतात. तडकलेली वायर टेपने गुंडाळण्याऐवजी त्याच किंवा अधिक जाडीच्या वायरने बदलणे इष्ट असते. दिव्यांजवळ रिले बसवून बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र वायर आणल्यास जुन्या स्विचवरील भार नाममात्र राहतो.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावणे धोकादायक आहे. शॉर्ट सर्किट झाल्यास तारेऐवजी संपूर्ण वायरिंग तापून आग लागू शकते. १०० वॉटचे दोन बल्ब बसविल्यास धारा सुमारे १७ अँपिअरपर्यंत जाते व मूळ वायरिंग ती पेलू शकत नाही.

नियम
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत सार्वजनिक ठिकाणी वाहनाचे दिवे लावणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप पेटणारा हेडलाईट सक्तीचा झाला.

शिक्षण
वाहनांची विद्युत प्रणाली हा ऑटोमोबाईल अभियांत्रिकीच्या अभ्यासाचा भाग आहे. पुणे जिल्ह्यातील अवसरी खुर्द (ता. आंबेगाव) येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयात ही शाखा शिकवली जाते.

हेही पाहा
* रिले
* फ्यूज
* मॅग्नेटो
* बजाज चेतक