यंत्राचे व्याकरण : मेनफ्रेमची अनुकृती व इतिहाससंशोधन

एखादी भाषा मृत झाली असे म्हणताना तिचे ग्रंथ नष्ट झाले, असा अर्थ सहसा अभिप्रेत नसतो. ती बोलणारे उरले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होय. संगणकाच्या इतिहासातही असाच प्रसंग उद्भवला आहे. १९६० ते १९८० या काळातील पुष्कळसे कार्यक्रम फितींच्या व छिद्रपत्रांच्या नकलांतून टिकून राहिले. परंतु ते ज्या मेनफ्रेम यंत्रांसाठी लिहिले गेले ती यंत्रे बहुतांशी मोडीत निघाली. यंत्रावाचून कार्यक्रम म्हणजे वाचकावाचून हस्तलिखित. ही उणीव भरून काढण्याचे जे साधन आज घरगुती संगणकावरही उपलब्ध आहे ते म्हणजे एम्युलेटर, अर्थात एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर तंतोतंत घडवून आणणारी अनुकृती.

ही कल्पना अलीकडची आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ती मेनफ्रेमच्याच घरात जन्मली. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिची रचना त्या कंपनीच्या पूर्वीच्या कोणत्याही यंत्राशी जुळणारी नव्हती. १९५९ साली निघालेल्या १४०१ या यंत्राचे ग्राहक हजारोंनी होते, आणि त्यांचे कार्यक्रम नव्या यंत्रावर चालेनात तर ते प्रतिस्पर्ध्याकडे वळतील, ही भीती खरी होती. हनीवेलने डिसेंबर १९६३ मध्ये त्यांच्यासाठीच आपले २०० हे यंत्र पुढे केले होते. तेव्हा नव्या यंत्राच्या अंतर्गत सूक्ष्म-आज्ञांमध्येच जुन्या यंत्राचे वर्तन बसवून देण्यात आले. या युक्तीला ‘एम्युलेटर’ हे नाव देण्याचे श्रेय लॅरी मॉस या अभियंत्यास दिले जाते. म्हणजे जे यंत्र आज स्वतः अनुकृतीच्या आश्रयाने जगत आहे, त्याचा बाजारातील प्रवेशही अनुकृतीच्याच आधाराने सुकर झाला होता.

तथापि अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाव व फ्रेडरिक ब्रुक्स या तिघांनी १९६४ साली एक भेद स्पष्टपणे मांडला. कार्यक्रमकर्त्यास यंत्र जसे दिसते ते त्याचे ‘स्थापत्य’, आणि ते प्रत्यक्षात तारा व विद्युन्मंडले यांतून कसे घडवले ही वेगळी बाब, असा तो भेद होय. स्थापत्याचे नियम ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन’ या पुस्तिकेत ग्रथित झाले. आकाराने व किमतीने भिन्न असलेली यंत्रे एकाच पुस्तिकेस बांधील राहिली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे सोस्यूरचा बुद्धिबळाचा दृष्टान्त आठवल्यावाचून राहणार नाही : सोंगट्या लाकडी असोत वा हस्तिदंती, डावाची व्यवस्था बदलत नाही. यंत्राचे व्याकरण यंत्राहून अलग लिहिले गेले होते. म्हणूनच बोलणारे नाहीसे झाल्यावरही ते वाचून ती भाषा पुन्हा बोलणे शक्य झाले.

१९९९ साली रॉजर बाउलर यांनी नेमके हेच केले. ‘हर्क्युलिस’ या नावाचा त्यांचा कार्यक्रम सी भाषेत लिहिलेला असून सिस्टिम/३७०, ईएसए/३९० व पुढे झेड-आर्किटेक्चर या स्थापत्यांचे वर्तन तो साध्या संगणकावर घडवून आणतो. पुढे त्याच्या देखभालीची धुरा जे मेनार्ड यांनी वाहिली, आणि अनेक स्वयंसेवकांनी त्यात भर घातली.

त्याची उभारणी कशी होते हे पाहणे इतिहासदृष्ट्याही उद्बोधक आहे. प्रथम एका साध्या मजकुराच्या फाइलीत यंत्राचे वर्णन लिहावयाचे असते : स्थापत्य कोणते, स्मृती किती, प्रक्रियक किती. त्याखाली एकेका ओळीत एकेक उपकरण, त्याचा क्रमांक, त्याचा प्रकार व त्याच्या ठिकाणी उभी राहणारी फाइल. ३३५० या प्रकारची तबकडी, जी एके काळी कपाटाएवढ्या पेटीत मावत असे, ती येथे एक फाइल होते. ३५०५ हा पत्रवाचक दुसरी, १४०३ हा मुद्रक तिसरी. ३२७० प्रकारच्या पडद्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम जोडावा लागतो. त्यानंतर ‘आयपीएल’ ही आज्ञा मूळ तबकडीच्या क्रमांकासह दिली की यंत्र जागे होते. जुन्या यंत्रशाळेत याच क्रियेसाठी चालक तीन फिरत्या खटक्यांवर तो क्रमांक लावून एक कळ दाबीत असे. पुढे व्यवस्था-प्रणाली आपले मापदंड विचारते, चालकाने उत्तर द्यावयाचे, मग कामांची रांग सांभाळणारा जेईएस२ हा कार्यक्रम सुरू होतो. काम संपल्यावरही वीज तोडून चालत नाही. आधी जेईएस२ थांबवून, नोंदी पुऱ्या करून, क्रमाने यंत्र निजवावे लागते. हा शिष्टाचार पुस्तकात वाचून कळत नाही. तो करूनच कळतो.

यंत्र चालू झाल्यावर भाषाभ्यासकाचे लक्ष वेधणारी गोष्ट म्हणजे त्याची वर्णमाला. एबसिडिक या संकेतपद्धतीत रोमन अक्षरे सलग नाहीत. ‘आय’ व ‘जे’ यांच्यामध्ये, तसेच ‘आर’ व ‘एस’ यांच्यामध्ये रिकाम्या जागा आहेत. त्यांचे मूळ छिद्रपत्रात आहे. तेथे अक्षरांचे तीन गट असून पहिल्या दोन गटांत नऊ-नऊ व तिसऱ्यात आठ अक्षरे बसविली होती. शिवाय या पद्धतीत लहान अक्षरे आधी, मोठी मागून व अंक सर्वांत शेवटी येतात; आस्की पद्धतीत क्रम याच्या उलट आहे. परिणामी एकच यादी दोन यंत्रांवर लावली असता दोन क्रमांनी लागते. जुनी यादी केवळ नव्या संकेतात उतरवून घेणाऱ्या संशोधकाच्या हातून हा क्रम, आणि त्यावर उभा असलेला कार्यक्रमाचा तर्क, निसटून जातो. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर करताना मूळ लेखनातील खुणा हरपतात, तसाच हा प्रकार आहे.

अनुकृतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. सिस्टिम/३७० मालिकेतील १५८ हे यंत्र सेकंदास सुमारे दहा लाख आज्ञा पार पाडी. आजचा सामान्य संगणक अनुकृतीचा भार वाहूनही त्याहून कितीतरी वेगाने चालतो. त्यामुळे पत्रांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट पाहण्याचा काळ, आणि त्या प्रतीक्षेने कार्यक्रमकर्त्यास लावलेली काटेकोरपणाची शिस्त, येथे अनुभवास येत नाही. पत्रे छिद्रित करणारा वर्ग, फिती बदलणारे चालक व कार्यक्रमकर्ते ही श्रमविभागणीही लोपते. एकच माणूस सर्व भूमिका वठवितो. सारांश, अनुकृती ही चिकित्सक आवृत्ती आहे, हस्तलिखित नव्हे. तिच्यावरून कार्यक्रमाविषयी निष्कर्ष काढता येतील. यंत्रशाळेतील जीवनाविषयी काढता येणार नाहीत.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे, आणि तीच अधिक गंभीर होय. हर्क्युलिसवर अभ्यासक सामान्यतः एमव्हीएस ३.८जे ही १९८१ च्या सुमाराची प्रणाली चालवितात. ती सर्वोत्तम म्हणून नव्हे, तर त्या वंशातील ती शेवटची मोफत वाटली गेलेली आवृत्ती म्हणून. तिच्या पुढच्या आवृत्त्या परवान्याने बांधलेल्या आहेत. बाउलर यांच्या टर्बोहर्क्युलिस या कंपनीने झेड/ओएस प्रणालीसाठी परवानगी मागितली, ती आयबीएमने नाकारली. मार्च २०१० मध्ये प्रकरण युरोपीय आयोगाकडे गेले, जुलैमध्ये चौकशी सुरू झाली, आणि तक्रारी मागे घेतल्या गेल्यानंतर सप्टेंबर २०११ मध्ये ती बंद झाली. व्याकरण छापून सर्वांच्या हाती दिले असले, तरी त्या भाषेतील पुढचे ग्रंथ वाचण्याची मुभा त्याबरोबर मिळतेच असे नाही. परिणामतः चालवून पाहता येणाऱ्या इतिहासाची सीमा यंत्राने नव्हे, तर मालकीहक्काने आखली गेली आहे.

भारतातील अभ्यासकांनाही हा प्रश्न परका नाही. मद्रासच्या आयआयटीत १९७३ साली ३७०/१५५ हे यंत्र आले. १९७८ साली आयबीएमने भारतातील आपला व्यवसाय आवरला. त्या काळातील जे कार्यक्रम व विदा कोठे फितींवर वा छपाईच्या गठ्ठ्यांत उरले असतील, ते वाचावयाचे तर कागद जपणे पुरेसे नाही. ते चालविणारे यंत्रही जपले पाहिजे. यंत्र जपणे अशक्य असेल तेथे त्याचे व्याकरण जपावे, आणि ते व्याकरण जाणणारी माणसे तयार करावीत. दप्तरखान्याच्या कामात मोडी वाचणाऱ्याचे जे स्थान, तेच संगणकयुगाच्या दप्तरात अनुकृती चालविणाऱ्याचे राहील.