रोझा बोनर यांचे बैल

रोझा बोनर यांचं नाव निघालं की लोक आधी पॅन्टची गोष्ट सांगतात. गोष्ट खरीच आहे. त्या काळी पॅरिसमध्ये बाईने पुरुषी कपडे घालायचे तर पोलिसांचा परवाना लागे, तोही दर सहा महिन्यांनी नवा करून घ्यावा लागे. बोनर यांनी तो काढला होता. घोडेबाजारात आणि खाटीकखान्यात झगा सावरत जनावरांचा अभ्यास होत नाही, इतकं साधं कारण. पण आज आपल्याला त्यांच्या बैलांकडे जायचंय.

'निवेर्नेतली नांगरट' हे १८४९ सालचं चित्र सध्या पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. रुंदी अडीच मीटरहून जास्त. सहा-सहा बैलांची दोन औतं चढावरून येतायत. पांढरे, तांबूस बैल, ओठाला लोंबणारी लाळ, आणि पुढ्यात उलटलेल्या मातीची जाड ढेकळं. ही शरद ऋतूतली पहिली नांगरट. जमीन उघडी करायची आणि हिवाळाभर तिला हवा खाऊ द्यायची. आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट खटकेल. जू खांद्यावर नाही, शिंगांना बांधलेलं आहे. आपल्या बैलाला वशिंड असतं, जू त्याच्या पुढे बसतं. तिकडच्या बैलाला वशिंडच नाही, आणि इथे तो डोक्याने ओढतो.

आता माणसं बघा. टोपीखाली, जनावरांच्या आड, चेहरा जवळजवळ नाहीच. उलट मधला एक बैल थेट आपल्याकडे बघतो.

हे चित्र सरकारने सांगून काढून घेतलं, ३,००० फ्रँक देऊन. साल लक्षात घ्या. फेब्रुवारी १८४८ मध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं. जूनमध्ये पॅरिसचे कामगार उठले आणि त्याच प्रजासत्ताकाच्या सैन्याने त्यांना चिरडलं. डिसेंबरमध्ये लुई नेपोलियन निवडून आला, तो मुख्यतः खेड्यांच्या मतांवर. शहराची धास्ती घेतलेल्यांना असं शांत, कामसू खेडं हवंच होतं. मग बोनर यांनी सत्तेला गोड वाटेल तेच रंगवलं का?

थोडंफार हो, असं आम्हाला वाटतं. त्याच वर्षी कूर्बे खडी फोडणारे दोन मजूर रंगवत होता. चेहरे त्यानेही लपवले, पण फाटका सदरा दाखवला. बोनर यांच्या शेतात दारिद्र्य कुठेच दिसत नाही. आणि गरिबी त्यांनी पाहिली नव्हती असं नाही. अकराव्या वर्षी आई गेली ती हलाखीतच.

पण कष्ट मात्र त्यांनी लपवलेले नाहीत, ते बैलांच्या अंगावर आहेत. मान खाली, पुठ्ठे ताणलेले, प्रत्येक बैल वेगळा. खाटीकखान्यात सांधे आणि स्नायू पाहिलेल्या बाईलाच हे जमतं. लोकांनी चित्र उचलून धरलं. ते जायचं होतं लिऑनच्या संग्रहालयात; पॅरिसने ते आपल्याच लक्झेंबर्ग संग्रहालयात ठेवून घेतलं.