पश्चिम अमेरिकेतील एक्स्प्रेस पाकिटे

एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः १८४९ ते १८९५ या काळात, कॅलिफोर्निया, नेव्हाडा, ऑरेगन, कोलोरॅडो आणि ब्रिटिश कोलंबिया या भागांत खासगी एक्स्प्रेस कंपन्यांनी वाहून नेलेली पत्रे आणि त्यांचा संग्रह. हा छंद टपालतिकिटांच्या संग्रहातून निघाला, पण यात तिकिटाला दुय्यम स्थान असते. संग्राहकाला अख्खे पाकीट हवे असते. पत्ता, शिक्के, छापील खुणा, शाईने लिहिलेला आकार, कोपऱ्यातला हिशेब, सगळे जागच्या जागी असावे लागते. यांतल्या बहुतेक लहान कंपन्यांची दप्तरे उरलेली नाहीत. त्यांनी वाहिलेली पाकिटे हाच त्यांच्या अस्तित्वाचा मुख्य पुरावा आहे.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथील सटरच्या लाकूडगिरणीपाशी जेम्स मार्शलला सोने सापडले आणि पुढच्या वर्षापासून कॅलिफोर्नियात माणसांचा लोंढा सुरू झाला. पूर्वेकडून येणारे पत्र आगबोटीने पनामाला उतरे, संयोगभूमी ओलांडे आणि पॅसिफिक मेल कंपनीच्या दुसऱ्या बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला पोचे. अर्ध्या औंसाच्या पत्राला ४० सेंट पडत. बंदरापर्यंतचा हा प्रवास लांबचा असला तरी व्यवस्था ठरलेली होती. खरी अडचण तिथून पुढे होती. खाणी सिएरा नेव्हाडाच्या दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या होत्या आणि टपालकचेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पत्रासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जायचे तर कामाचे दिवस बुडत, खणत असलेली जागा दुसऱ्याने बळकावण्याची भीती असे, आणि तिथे पोचल्यावर कचेरीसमोर लांबलचक रांग. बोट आली की लोक रात्रीपासून उभे राहत आणि काही जण आपली रांगेतली जागा चक्क विकत.

या अडचणीतून धंदा उभा करणाऱ्या पहिल्या काही जणांत अलेक्झांडर टॉड होता. १८४९ मध्ये त्याने खाणीखाणीत फिरून नावांची यादी केली आणि प्रत्येक नावामागे एक डॉलर घेतला. ती यादी घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालकचेरीत गेला, तिथे कारकून म्हणून त्याला शपथ देण्यात आली आणि आपल्या गिऱ्हाइकांची पत्रे त्याने स्वतःच शोधून काढली. पत्र हातात पडले की खाणकामगार त्याला एक औंस सोन्याची धूळ देई. तिची किंमत तेव्हा सोळा डॉलरच्या आसपास होती. याला लूट म्हणण्याचा मोह होतो, पण घरची खबर महिनोन् महिने न मिळालेला माणूस ती किंमत खुशीने मोजत होता. परतीच्या वाटेवर टॉड सोने बंदरात नेऊन ठेवण्याचेही काम करू लागला. पत्र, पैसा, सोने आणि पार्सल हे सारे एकाच माणसाच्या विश्वासावर चालणे, हे आपल्याकडच्या अंगडियाच्या धंद्यासारखेच होते, आणि एक्स्प्रेस कंपन्यांचा पाया तोच होता. पत्रांतून मिळणारे उत्पन्न त्यात भर घालणारे होते, मुख्य कमाई सोन्याच्या वाहतुकीची आणि सावकारीची.

हे सगळे कायद्यात कसे बसले हा प्रश्न संग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पाकिटावर जे दिसते त्याचे उत्तर त्यात आहे. १८४५ च्या कायद्याने टपालमार्गांवर खासगी पत्रवाहतुकीला बंदी होती. सुरुवातीच्या काळात डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत टपालमार्गच नसल्याने तिथे तिचा उपयोग नव्हता. ३१ ऑगस्ट १८५२ च्या कायद्याने मधला रस्ता काढला : सरकारने छापील तिकिटाचे पाकीट विकावे, आणि पत्र अशा पाकिटात असेल तर ते कोणीही वाहावे. न्यूयॉर्कच्या जॉर्ज नेस्बिटने छापलेली ही पाकिटे १८५३ मध्ये विक्रीला आली. एक्स्प्रेस कंपन्यांनी ती गठ्ठ्याने विकत घेतली, त्यांवर आपले नाव, आपला मार्ग आणि ‘पेड’ हा शब्द छापून घेतला आणि वाढीव किमतीला विकली. या छापील खुणेला संग्राहक ‘फ्रँक’ म्हणतात. परिणाम गमतीचा झाला. एकाच पाकिटावर उजवीकडे सरकारचे तीन सेंटांचे तिकीट, डावीकडे कंपनीचा फ्रँक. पत्र एकदाही टपालकचेरीत गेलेले नसे, तरी सरकारला तीन सेंट मिळालेले असत. न केलेल्या कामाची मजुरी सरकारने इतक्या रीतसर गोळा केल्याची उदाहरणे फार नसावीत. तिकीट रद्द करणारा शिक्काही कंपनीचाच असे, आणि अस्सल एक्स्प्रेस पाकिटाची पहिली ओळख ती हीच. पत्राचा काही प्रवास कंपनीने आणि काही सरकारी टपालाने झाला असेल, तर दोन्ही शिक्के दिसतात. कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे जाणारी अनेक पत्रे अशी आहेत. १८५५ पासून तीन हजार मैलांपलीकडच्या पत्राला दहा सेंट लागत, म्हणून त्यांवर बहुधा हिरव्या दहा सेंटांचे छापील तिकीट असते. १ जुलै १८६३ पासून अंतराचा भेद गेला आणि सगळीकडे तीन सेंट झाले.

कंपन्यांची संख्या शेकड्यांत होती. अ‍ॅडम्स अँड कंपनी ही १८४९ पासूनची बडी संस्था. ग्रेगरी, बेरफर्ड, फ्रीमन, लँग्टन, ऱ्होड्स अँड लस्क, क्रॅम रॉजर्स अशी नावे तिच्याखाली येतात, आणि त्यांच्याही खाली एकेक दरी किंवा एकेक नदी धरून बसलेले एकांडे लोक. फेदर नदीच्या भागात व्हायटिंगची एक्स्प्रेस हिवाळ्यात बर्फावरून कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी टपाल नेत असे. लहान कंपनी डोंगरातून पत्र आणून मोठ्या कंपनीच्या कचेरीत देई, त्यामुळे एकाच पाकिटावर दोन किंवा तीन कंपन्यांचे शिक्के सापडतात. ती पाकिटे वाचण्यात खरी मजा आहे. शिक्क्यांचा क्रम लावला की पत्राचा प्रवास उलगडतो, आणि वाटेत आज नकाशावर नसलेली एखादी वस्तीही भेटते.

फेब्रुवारी १८५५ मध्ये सेंट लुइसच्या पेज अँड बेकन या पेढीच्या दिवाळ्याची बातमी बोटीने आली आणि सॅन फ्रान्सिस्कोत ठेवीदारांची झुंबड उडाली. २३ फेब्रुवारीला अ‍ॅडम्स अँड कंपनीने दार लावले ते कायमचे. १८५२ मध्ये हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांनी स्थापलेली वेल्स फार्गो अँड कंपनी थोडे दिवस बंद राहून पुन्हा उघडली आणि पुढची चाळीस वर्षे तिने हे क्षेत्र जवळजवळ एकहाती चालवले. संग्रहातली दुर्मीळता इथून उलटी चालते. ज्या कंपनीची सेवा उत्तम, तिची पाकिटे मुबलक. जी चार महिन्यांत बुडाली, तिच्या एका मळकट पाकिटासाठी लिलावात चढाओढ. वेल्स फार्गोच्या हिरव्या पत्रपेट्या शहरांत सरकारी पेट्यांच्या जोडीने होत्या, आणि लोक जास्त पैसे मोजून त्यांत पत्रे टाकत, कारण ती वेळेवर पोचत. कंपनीने पत्रांचे काम १८९५ मध्ये थांबवले.

वेल्स फार्गोची साधी पाकिटे स्वस्त असली तरी त्यांतच काही उत्तम दालने आहेत. कॅलिफोर्नियातल्या चिनी व्यापाऱ्यांचा या कंपनीवर मोठा भरवसा होता. कंपनीने १८७८ आणि १८८२ मध्ये चिनी पेढ्यांची नामसूचीही प्रसिद्ध केली. चिनी लिपीत पत्ता असलेली तिची पाकिटे स्थलांतराच्या इतिहासाची अस्सल साधने आहेत, आणि कित्येक वर्षे संग्राहकांनी त्यांच्याकडे हवे तेवढे लक्ष दिले नाही असे म्हणावे लागते. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील कचेऱ्यांची, तसेच नेव्हाडातील रुप्याच्या खाणींच्या व्हर्जिनिया सिटीची पाकिटेही वेगळी जमवली जातात.

सर्वसामान्यांना मात्र एकच नाव ठाऊक असते : पोनी एक्स्प्रेस. विल्यम रसेल, अलेक्झांडर मेजर्स आणि विल्यम वॅडेल यांनी ३ एप्रिल १८६० रोजी मिसूरीतील सेंट जोसेफहून ती सुरू केली. घोडे आणि स्वार बदलत सुमारे १,९०० मैलांचे अंतर दहा दिवसांत काटले जाई. सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर पडत, सरकारी तिकीट वेगळे. जुलै १८६१ पर्यंत दर एक डॉलरवर आला. एप्रिल १८६१ पासून पश्चिमेकडील कारभार वेल्स फार्गोकडे होता आणि तिने घोडेस्वाराचे चित्र असलेली स्वतःची तिकिटे काढली. २४ ऑक्टोबर १८६१ रोजी पूर्व-पश्चिम तारायंत्र जोडले गेले आणि दोन दिवसांत सेवा बंद झाल्याचे जाहीर झाले. पुरती पावणेदोन वर्षेही न चाललेल्या आणि मालकांना बुडवणाऱ्या या धंद्याभोवती दंतकथा मात्र अमाप आहेत. ‘अनाथांना प्राधान्य’ असे म्हणणारी स्वारभरतीची प्रसिद्ध जाहिरात त्या काळच्या एकाही वर्तमानपत्रात सापडलेली नाही. वाहिलेल्या सुमारे पस्तीस हजार पत्रांपैकी आज अडीचशेच्या आसपास पाकिटे ज्ञात आहेत. त्यांतले सर्वांत बोलके पाकीट १८६० च्या उन्हाळ्यात वाटेत लुटले गेलेल्या थैलीतले आहे. ते १८६२ मध्ये न्यूयॉर्कला पोचले, आणि १८६० मध्ये इंडियनांनी चोरलेल्या टपालातून ते परत मिळाल्याची नोंद त्यावर शाईने केलेली आहे.

कोलोरॅडोत १८५८ च्या सुवर्णशोधानंतर लेव्हनवर्थ सिटी अँड पाइक्स पीक एक्स्प्रेस आणि हिंकली यांसारख्या कंपन्या निघाल्या. ब्रिटिश कोलंबियातील फ्रेझर नदीवर १८५८ मध्ये गर्दी झाली तेव्हा बिली बॅलू पुढे आला, आणि १८६० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सिस बर्नार्ड येलहून कॅरिबूच्या खाणींपर्यंत पायी टपाल नेऊ लागला. व्हिक्टोरियाहून अमेरिकेत जाणाऱ्या पाकिटांवर वसाहतीचा शिक्का, अमेरिकेचे तिकीट आणि एक्स्प्रेसचा फ्रँक अशी तिहेरी भरणा दिसतो.

या वस्तू उरल्या तेवढ्या उरल्या हेच नशीब. एकोणिसाव्या शतकातील तिकीटप्रेमींनी छापील तिकिटाचा चौकोन कापून अल्बमात चिकटवला आणि बाकीचे पाकीट फेकून दिले. नासधूस केली ती बेपर्वाईने नव्हे, छंदाच्या तेव्हाच्या शिस्तीने. ही दृष्टी बदलण्यात खाण अभियंता अर्नेस्ट विल्ट्सी यांचा वाटा मोठा. त्यांनी पाकिटांवरून कंपन्यांचे मार्ग आणि कालखंड ठरवले, १९३१ मध्ये खेचरांच्या तांड्यांवर चाललेल्या या एक्स्प्रेसवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यांचा संग्रह वेल्स फार्गोच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयात गेला. १९५० मध्ये वेस्टर्न कव्हर सोसायटी स्थापन झाली. ‘वेस्टर्न एक्स्प्रेस’ हे तिचे नियतकालिक. फ्रँकांची मेल नेथन यांनी केलेली सूची १९७३ मध्ये आली. फ्रायोला, क्रेमर आणि वॉल्स्की यांच्या २००५ मधील ग्रंथाने पोनी एक्स्प्रेसच्या ज्ञात पाकिटांची नोंद आणि फेऱ्यांचे वेळापत्रक एकत्र आणले.

किमती चढल्या तशी बनावटगिरीही वाढली. तिच्यातला धूर्त प्रकार असा : खरे जुने पाकीट घ्यायचे आणि त्यावर दुर्मीळ कंपनीचा खोटा शिक्का मारायचा. कागद खरा, तिकीट खरे, हस्ताक्षर खरे. फक्त शिक्का खोटा. घोडेस्वाराच्या तिकिटांची १८९७ मधील पुनर्मुद्रणे आणि पुढची असंख्य नकली तिकिटे वेगळीच. शिवाय पोनी एक्स्प्रेसच्या स्मरणार्थ नंतर ज्या दौडी झाल्या, त्यांची पाकिटे अनेक घरांत अस्सल म्हणून जपलेली असतात. तपासणी मुख्यतः तारखांची करावी. पाकिटावरचे छापील तिकीट त्या तारखेला चलनात होते का, त्या गावात त्या वर्षी त्या कंपनीची कचेरी होती का, त्या दिवशी स्वार निघाला होता का, या प्रश्नांवर बहुतेक खोटी पाकिटे अडखळतात. मोठ्या किमतीचे पाकीट न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या संस्थेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये. नवख्याने पोनी एक्स्प्रेसचे स्वप्न बाजूला ठेवून वेल्स फार्गोच्या तीन सेंटांच्या पाकिटांपासून सुरुवात करावी; ती आजही परवडतात, आणि शिक्के वाचायला त्यांच्याइतके चांगले दुसरे काही शिकवत नाही.