पिंपरीची माती, मलमाची ट्यूब आणि उंबऱ्याआतला कुत्रा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा इतिहास बहुधा वाहनांच्या कारखान्यांपासून लिहिला जातो. परंतु या भागातील पहिल्या मोठ्या उद्योगांपैकी एक औषधांचा होता, आणि माणसाच्या त्वचेवरील औषध कुत्र्याच्या पोटात गेल्यास काय करावे, या वरकरणी किरकोळ प्रश्नाची पाळेमुळे त्या उद्योगाच्या काळापर्यंत पोहोचतात. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या तिच्या पिंपरी येथील कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. या कारखान्याला जोडून असलेल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीव तपासत असत. त्यांतूनच १९६०च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक हाती आले, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याला गावाच्याच नावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव देण्यात आले. पाठोपाठ गजकर्ण-नायट्यासारख्या त्वचेच्या बुरशीवर चालणारे डर्मोस्टॅटिनही तेथेच सापडले.

ही दोन्ही औषधे ‘पॉलिईन’ कुळातील, म्हणजे मोठ्या वलयाकार रेणूंची असून, बुरशीच्या पेशीच्या आवरणाला चिकटून ते गळके करणे हे त्यांचे काम होय. याच कुळातील नायस्टॅटिन पोटातून रक्तात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे असे मलम चाटलेल्या कुत्र्याला फार तर ओकारी-जुलाब होत. इसबावरचे जस्तभस्माचे मलम, किंवा बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक आम्ले असलेले व्हिटफील्डचे मलम थोडेसे पोटात गेल्यासही बहुधा पोटच बिघडे, जरी यांतील सॅलिसिलिक आम्ल ॲस्पिरिनच्याच घराण्यातले असल्याने अधिक प्रमाणात तितकेसे निरुपद्रवी नव्हे. ‘वरून लावायचे औषध, त्याने काय होणार’ हा समज तेव्हा अगदीच निराधार नव्हता. तो खोटा ठरला तो नंतर, औषधे बदलली तेव्हा. समज मात्र बदलला नाही.

दरम्यान पट्टाही बदलत होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर भोसरी आणि चिंचवड परिसरात यंत्रकामाचे लहान-मोठे कारखाने वाढले, आणि लेथवर दिवसभर कूलंट व कटिंग ऑइल, म्हणजे धातू कापताना तो थंड ठेवणारी द्रावणे आणि तेले, हाताळणाऱ्या कामगारांच्या हातांवर पुरळ, भेगा आणि खाज दिसू लागली. अशा त्वचादाहावर स्टेरॉइडची मलमे घरोघर आली. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे एकत्र मिश्रण असलेली ट्यूब तर चिठ्ठीवाचून मिळत असे, इतकी की केंद्र सरकारला २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीनेच विकली जावीत असा नियम करावा लागला. कुत्र्याचे स्थानही त्याच काळात हलले. खेड तालुक्यातील वाडीवस्तीवर गोठ्याची राखण करणारा कुत्रा उंबऱ्याबाहेर असे. सदनिकेतला कुत्रा पलंगाशेजारी झोपतो, आणि मलमाची ट्यूब उशाशीच असते. शिवाय मलमाचा पाया असलेली चरबी त्याला खाऊ वाटते, हे वेगळेच.

नव्या मलमांतील धोका किती, हे साध्या गुणाकाराने कळते. फ्लोरोयुरॅसिल हे १९५७ मध्ये पुढे आलेले कर्करोगाचे औषध त्वचेच्या काही विकारांवर ५ टक्के मलमाच्या रूपात वापरले जाते; १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ते ७५० मिलिग्रॅम असते, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने ट्यूब फस्त केल्यास किलोमागे ७५ मिलिग्रॅम, आणि पशुवैद्यकीय ग्रंथांत सुमारे २० मिलिग्रॅमपासूनच मृत्यूची नोंद आहे. ओकारी आणि झटके काही वेळा तासाभरातच सुरू होतात. सोरायसिसवरील कॅल्सिपोट्रिऑल याच्या उलट वागते: ते ड जीवनसत्त्वाचे रूप असल्याने रक्तातील कॅल्शियम हळूहळू वाढवते आणि मूत्रपिंडे निकामी करते, पण लक्षणे दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात, पहिल्या दिवशी शेपटी हलवणारा कुत्रा पाहून घरचे निर्धास्त होतात, आणि उपचाराची खरी वेळ नेमकी तेव्हाच टळते. सांधेदुखीवरच्या जेलमधील डायक्लोफेनॅक, ज्याचा गुरांसाठीचा वापर गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००६ मध्ये थांबवण्यात आला, ते माणसांसाठी मात्र सर्वत्र मिळते. कुत्र्याच्या जठराला त्याने व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना इजा होते.

उपायांच्या बाबतीत घरचे शहाणपण जुन्याच काळात राहिले आहे. विषबाधेवर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रघात माणसांकडून कुत्र्याकडे आला, परंतु कुत्र्याच्या रक्तातील सोडियम त्यामुळे इतके वाढू शकते की झटके त्यानेच यावेत. दूध-तुपाने यांतले कोणतेच औषध उतरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपयोग पशुवैद्य काही वेळा सुचवतात, पण ते ३ टक्क्यांचे असावे लागते, आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी बाटली ६ टक्क्यांची असते, जिने अन्ननलिका आणि जठर भाजू शकते. झटके आलेल्या किंवा सुस्त पडलेल्या कुत्र्याला ओकारी काढायला लावल्यास ओकलेले फुप्फुसात जाते. म्हणून करायचे ते एवढेच, की तोंडाला लागलेले मलम ओल्या फडक्याने पुसावे, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन लावावा, कुत्र्याचे वजन आणि ट्यूब फोडल्याची अंदाजी वेळ सांगावी, आणि उरलेली ट्यूब खोक्यासह सोबत न्यावी. दवाखान्यात सुईने ओकारी काढणे, सक्रिय कोळसा पाजणे आणि सलाइन लावणे यांतले काय करायचे, हे औषधाचे नाव आणि टक्केवारी यांवरच ठरते. ट्यूबच्या तळाशी छापलेली ती बारीक अक्षरे पुष्कळदा कुत्र्याच्या दातांखालीच गेलेली असतात, आणि खोके तर त्याआधीच कचऱ्यात गेलेले असते.