मोडीतून उठलेली विमाने

दिवाळीपूर्वीची झाडलोट सुरू झाली की घरोघरी एक न्यायासन भरते. माळ्यावरच्या वस्तू एकेक करून अंगणात येतात आणि प्रत्येकीचा निकाल लागतो : ठेवायची की मोडीत द्यायची? आमच्या घाटंजीसारख्या गावी हा निकाल बहुधा घरची गृहिणीच देते. बूड गेलेला जर्मनचा गंज, काटा हरवलेले घड्याळ, आजोबांच्या सायकलीचा दिवा अशा साऱ्यांची सुनावणी होते. बाहेर भंगारवाल्याचा पुकारा चालूच असतो. तो वस्तूचे नाव विचारीत नाही, फक्त वजन विचारतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कानपूरजवळच्या चकेरी विमानतळावर अशीच एक झाडलोट झाली होती. तिथे मोडीत निघालेली वस्तू मात्र साधीसुधी नव्हती. ती होती लिबरेटर नावाची चार इंजिनांची प्रचंड बॉम्बफेकी विमाने. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट! युद्धकाळात अमेरिकेने अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली. त्यांतली काही उधार-उसनवारीच्या कराराने ब्रिटिश हवाई दलाला मिळाली आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आपल्याकडे आली. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेला परत करावीत, नाही तर निकामी करावीत, अशी त्या कराराची अट होती. इतक्या दूर परत नेण्याचा खर्च कोण करणार? ब्रिटिशांनी ती चकेरीला रांगेने उभी केली आणि निकामी केली. कुणाच्या अंगाला भोके पाडली, कुणाच्या इंजिनात माती ओतली, कुणाची उपकरणे फोडली. पुन्हा कुणी ती उडवू नयेत, एवढाच हेतू.

मग देश स्वतंत्र झाला. १९४७ च्या ऑक्टोबरातच काश्मीरचे युद्ध उभे राहिले. हवाई दलाजवळ जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते आणि नवी घ्यायला परकीय चलन नव्हते. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आले की चकेरीच्या त्या मोडीत हात घालून पाहावे.

हे काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याकडे आले. मराठी वाचकाला या कारखान्याचे मूळ आपले वाटावे असे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये त्याची स्थापना केली. युद्धाच्या धामधुमीत अमेरिकी विमानांची दुरुस्ती करून तिथल्या कामगारांचा हात चांगला बसला होता. हे कारागीर कानपूरला गेले. त्यांनी एकाचे चाक, दुसऱ्याचे सुकाणू, तिसऱ्याचे इंजिन असे जमवीत एकेक विमान बंगळूरपर्यंत जाण्यापुरते उभे केले. पुरती डागडुजी बंगळूरला व्हायची होती. तोवरचा आकाशमार्ग, सरळ रेषेत मोजला तरी दीड हजार किलोमीटरांच्या घरातला, कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पार करावयाचा. अर्धवट बऱ्या केलेल्या रोग्याला खाटेवरून उठवून परगावच्या इस्पितळात चालवीत नेण्यासारखाच हा प्रकार. पण अशी एक-दोन नव्हे, तिसाहून अधिक विमाने पुन्हा आकाशात चढली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरलाच हवाई दलाची पाचवी तुकडी लिबरेटरांवर उभी राहिली. पुढे १९५१ मध्ये सहावी तुकडी पुण्यास आली आणि लोहगावच्या धावपट्टीवरून उडालेली ही विमाने समुद्रावर पहारा करू लागली. मोडीत निघालेल्या या विमानांनी १९६८ अखेरपर्यंत नोकरी केली! साऱ्या जगात लिबरेटर वापरणारे शेवटचे हवाई दल आपलेच.

आता गंमत पाहा. अमेरिकेत लिबरेटर हजारोंनी बांधली गेली आणि युद्ध संपताच हजारोंनी वितळवलीही गेली. वीस वर्षांनी तिथल्या आणि इंग्लंडातल्या हौशी मंडळींना त्यांची आठवण झाली, तेव्हा शोधूनही धड विमान सापडेना. धड विमाने होती ती भारतात. मग पाहुण्यांची रीघ लागली. १९६८ मध्ये कॅनडाने एक लिबरेटर नेले आणि त्याच्या बदल्यात लायसँडर जातीचे एक विमान आपल्याला दिले. हा सौदा वाटतो तितका उलटा नव्हे. आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी १९४१ पासून लायसँडरच उडवीत होती आणि ती विमाने मुंबईकरांच्या युद्धनिधीतून आलेली होती. आपल्याकडे त्यांतले एकही उरले नव्हते. १९६९ मध्ये एक लिबरेटर उडत उडत अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूसॉनच्या संग्रहालयात पोचले. १९७४ मध्ये आणखी एक असेच उडत इंग्लंडला गेले. ते आज लंडनजवळ हेंडनला ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आपल्यासाठी राहिले.

आणखी एकाची कथा तर कादंबरीसारखी आहे. सेवेतून निघाल्यावर ते तेरा वर्षे भारतात उन्हापावसात बेवारस पडून होते. १९८१ मध्ये एका इंग्रज संग्राहकाने ते विकत घेतले आणि सुटे करून मालवाहू विमानातून इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या बॉब कॉलिंग्ज यांनी ते घेतले. पाच वर्षांच्या खटपटीनंतर, १९८९ मध्ये, ते पुन्हा उडाले.

अशा विमानाची ओळख पटवायची कशी? इथे या छांदिष्टांची खरी कसोटी लागते. अमेरिकेने दिलेला क्रमांक वेगळा, ब्रिटिशांनी घातलेला वेगळा, आपल्या हवाई दलाचा आणखी वेगळा. हेंडनच्या विमानाचा ब्रिटिश क्रमांक केएन ७५१, तेच आपल्याकडे एचई ८०७ झाले. माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे, तशातली गत. म्हणून ही मंडळी रंगाचे थर हलक्या हाताने घासून खालचे आकडे शोधतात, आत ठोकलेली कारखान्याची पट्टी वाचतात, जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरतात. जिथे एका विमानाला दुसऱ्याचे पंख जोडलेले, तिथे ‘खरे विमान कोणते?’ हा प्रश्न काही सोपा नाही.

या प्रश्नाचे दुसरे रूप २०१८ मध्ये दिसले. भंगारात निघालेले एक डकोटा विमान राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाच उडवीत. त्या विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक घातला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिले सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. विमान ते नव्हे, पण स्मरण त्याचे आहे. ही गोष्ट उघड सांगितलेली असली की त्यात खोटेपणा राहत नाही. देवळातली उत्सवमूर्ती वेगळी आणि गाभाऱ्यातली वेगळी, हे आपल्याला का ठाऊक नाही?

जुनी विमाने उडवावीत की नुसती जपावीत, यावरही वाद आहे आणि तो पुस्तकी नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कॉलिंग्ज यांच्याच संस्थेचे दुसरे एक महायुद्धकालीन विमान अमेरिकेत कोसळले आणि सातजण दगावले. वस्तूच्या प्रेमापायी माणूस जाऊ नये, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

डकोटाचे नाव निघाले की आपल्या विदर्भाला नागपूर आठवावे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला भेटत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या घरी परतत. साऱ्या देशाची पत्रे निजलेल्या नागपुरात एकमेकींना भेटून जात. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री त्यांतलेच एक विमान सोनेगावहून उडताच कोसळले आणि कामगारनेते हरिहरनाथ शास्त्री त्यात गेले. १९७३ मध्ये ही रात्रसेवा थांबली.

त्या थैल्या उचलणारे हमाल, विमानांत तेल भरणारे, चकेरीच्या मोडीत महिनोन्‌महिने हात काळे करणारे मेकॅनिक यांची नावे कुठे आहेत? विमानांचे आकडे जगाने शोधून काढले. ही नावे मात्र कुठल्याही पट्टीवर ठोकलेली नाहीत. ती असतील तर घरांतच, लोखंडी पेट्यांच्या तळाशी, एखाद्या दाखल्यावर किंवा पिवळ्या पडलेल्या फोटोवर असतील.

म्हणून यंदाच्या झाडलोटीत एवढे करा. खाकी कपड्यांतल्या काकांचा विमानापुढे उभा असलेला फोटो हाती लागला, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा : नाव, गाव, साल. विमानाच्या शेपटीवरचा आकडा वाचता आला तर तोही. भंगारवाल्याला थोडा वेळ दारात थांबवा.