ब्रेव्हज मिलवॉकीत : एका स्थलांतरित संघाचा पहिला हंगाम

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा नकाशा १९०३ ते १९५२ या अर्धशतकात हललाच नाही. नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग या दोन सर्वोच्च साखळ्यांत मिळून १६ संघ होते, ते दहा शहरांत वाटले गेले होते, आणि त्यांतले सर्वांत पश्चिमेचे शहर म्हणजे मिसिसिपीकाठचे सेंट लुईस. त्यापलीकडच्या प्रचंड प्रदेशाला ‘मेजर लीग’ या नावाने ओळखला जाणारा हा खेळ वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरूनच भेटत असे. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, महामंदी येऊन गेली, लोकवस्ती पश्चिमेकडे आणि उपनगरांकडे सरकली, तरी संघ जिथल्या तिथेच राहिले. १८ मार्च १९५३ रोजी नॅशनल लीगच्या संघमालकांनी बोस्टन ब्रेव्हज या संघाला विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरी जाण्यास मंजुरी दिली, आणि ही स्थिरता संपली.

ब्रेव्हज हा काही कालपरवाचा संघ नव्हता. १८७१ पासून तो या ना त्या नावाने बोस्टनमध्ये खेळत होता आणि १८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली तेव्हापासून तिचा सभासद होता. परंतु त्याच शहरात अमेरिकन लीगचा रेड सॉक्स हा संघ होता, आणि बोस्टनकरांचे मन हळूहळू त्याच्याकडे वळले होते. १९४८ साली ब्रेव्हजनी लीगचे विजेतेपद मिळवले, त्या वर्षी त्यांच्या मैदानावर १४,५५,४३९ प्रेक्षक आले. चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, संघ आठांत सातवा आला आणि वर्षभराची प्रेक्षकसंख्या २,८१,२७८ इतकी खाली घसरली, म्हणजे सामन्यामागे सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास. खेळाडूंचे पगार, प्रवास आणि मैदानाची देखभाल हा सारा खर्च त्या काळी प्रामुख्याने तिकीटविक्रीतूनच भागत असल्याने संघाचे मालक लू पेरिनी यांना मोठा तोटा सोसावा लागला. पेरिनी हे बांधकाम व्यवसायातले बडे कंत्राटदार होते आणि तोट्याचे काम किती काळ चालू ठेवायचे याचा हिशेब त्यांना शिकवावा लागणार नव्हता.

दुसरीकडे मिलवॉकी तयारीत होते. मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावरचे, १९५० च्या जनगणनेनुसार ६,३७,३९२ वस्तीचे हे शहर जर्मन आणि पोलिश स्थलांतरितांनी घडवलेले, यंत्रनिर्मितीसाठी आणि त्याहूनही बीअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. श्लिट्झ, पॅब्स्ट, ब्लाट्झ आणि मिलर ही चारही नावे याच शहरातली. १९०१ साली एक हंगामभर मिलवॉकीला अमेरिकन लीगचा संघ लाभला होता, पण पुढच्याच वर्षी तो सेंट लुईसला जाऊन ‘ब्राउन्स’ झाला, आणि नंतरची पन्नास वर्षे शहराला ‘मायनर लीग’च्या, म्हणजे उमेदवार खेळाडू जिथे तयार होतात त्या खालच्या पायरीवरच्या साखळीच्या, ‘ब्रूअर्स’ नावाच्या संघावर समाधान मानावे लागले. १९५० मध्ये मिलवॉकी काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, शहराच्या पश्चिमेस एका जुन्या दगडखाणीच्या जागेवर सार्वजनिक पैशातून स्टेडियम बांधायला घेतले. सुमारे ५० लाख डॉलर खर्चून उभारलेले, ३५ हजारांहून अधिक प्रेक्षक सामावणारे आणि भोवताली मोटारींसाठी ऐसपैस वाहनतळ असलेले हे काउंटी स्टेडियम नावाला ब्रूअर्ससाठी होते. खरे तर ते एखादा वरच्या साखळीतला संघ ओढून आणण्यासाठी लावलेले आमिष होते, आणि हे कोणी फारसे लपवलेही नाही.

त्या आमिषाकडे आधी वळले ते बिल व्हीक. हे एकेकाळी मिलवॉकीच्या ब्रूअर्सचे मालक होते आणि १९५३ मध्ये सेंट लुईस ब्राउन्सचे मालक होते. फेब्रुवारी १९५३ मध्ये अ‍ॅनहायझर-बुश या बलाढ्य बीअर कंपनीने सेंट लुईसमधला दुसरा संघ, कार्डिनल्स, विकत घेतला, तेव्हा त्या पैशापुढे आपला टिकाव लागणार नाही हे ओळखून व्हीक यांनी ब्राउन्सना मिलवॉकीला नेण्याचा घाट घातला. आडवे आले ते ‘प्रादेशिक हक्क’. बेसबॉलच्या नियमांनुसार ज्या शहरात मायनर लीगचा संघ आहे तिथे त्या संघमालकाच्या संमतीवाचून वरचा संघ येऊ शकत नसे, आणि ब्रूअर्सची मालकी आता पेरिनी यांच्याकडे होती. त्यांनी व्हीक यांना नकार दिला. नवे स्टेडियम रिकामे राहणार या विचाराने मिलवॉकीकर संतापले, आणि बोस्टनमध्ये तोट्यात चाललेल्या या मालकापुढे दोनच वाटा उरल्या : वाट मोकळी करायची, नाही तर स्वतः यायचे. पेरिनी यांचे स्थलांतर दूरदृष्टीचे धाडस म्हणून सांगितले जाते. कालक्रम पाहता ती दूरदृष्टी कोंडीतून सुटताना सुचलेली दिसते.

निर्णय झाला तेव्हा संघ फ्लोरिडातील ब्रेडन्टन येथे हंगामपूर्व सरावात होता, आणि हंगाम सुरू व्हायला चार आठवडेही उरले नव्हते. ब्रूअर्स संघ टोलीडोला हलवण्यात आला. बोस्टनमध्ये बालकांच्या कर्करोगासाठी १९४८ पासून ब्रेव्हजच्या आश्रयाने चालणारा ‘जिमी फंड’ हा निधी रेड सॉक्सने पुढे चालवला. संघाचे मुख्य प्रशिक्षक चार्ली ग्रिम मात्र मिलवॉकीला परके नव्हते. आदल्या हंगामाच्या मध्यात बोस्टनला बोलावले जाईपर्यंत ते ब्रूअर्सचेच प्रशिक्षक होते, आणि वेगवान क्षेत्ररक्षक बिल ब्रुटन हाही १९५२ मध्ये ब्रूअर्सकडूनच खेळला होता. नव्या संघात शहराला ओळखीचे चेहरे दिसले, ही गोष्ट पुढच्या जल्लोषाच्या वर्णनात सहसा निसटते.

१३ एप्रिलला सिनसिनाटी येथे मॅक्स सर्कॉन्टच्या पिचिंगच्या, म्हणजे चेंडूफेकीच्या, जोरावर ब्रेव्हजनी पहिला सामना २-० असा जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी काउंटी स्टेडियमवर ३४,३५७ प्रेक्षकांसमोर सेंट लुईस कार्डिनल्सशी गाठ पडली. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो आणि बरोबरी झाल्यास तो जादा डावांत जातो. हा सामना २-२ अशा बरोबरीनंतर दहाव्या डावात गेला. ब्रेव्हजकडून पहिल्या चेंडूपासून वॉरेन स्पान हाच पिचिंग करत होता. दहाव्या डावात ब्रुटनने उजव्या बाजूला मारलेला फटका अडवण्यासाठी कार्डिनल्सच्या एनॉस स्लॉटरने कुंपणाशी झेप घेतली, चेंडू त्याच्या हातमोज्याला लागला आणि कुंपणापलीकडे पडला. अशा फटक्याला ‘होम रन’ म्हणतात, आणि क्रिकेटमध्ये षटकारानंतर राहता येते तसे इथे फलंदाजाला जागेवर उभे राहता येत नाही, मैदानावरच्या चारही तळांना पाय लावून परतल्यावरच त्याची धाव मोजली जाते. ब्रेव्हज ३-२ असे जिंकले. ब्रुटन हा ताकदीच्या फटक्यांसाठी ओळखला जाणारा फलंदाज नव्हे. त्या संपूर्ण हंगामात त्याने मारलेला हा एकमेव होम रन.

पुढचा उन्हाळा शहराने जवळजवळ स्टेडियममध्येच काढला. घरच्या पहिल्या १३ सामन्यांतच बोस्टनमधील १९५२ च्या संपूर्ण वर्षाची प्रेक्षकसंख्या मागे पडली. दुकानदार आणि कारखानदार खेळाडूंना बीअर, चीज, सॉसेज इतकेच नव्हे तर वापरायला मोटारीसुद्धा देत होते. स्टेडियमलगतच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातील रुग्ण उजवीकडच्या टेकडीवर बसून फुकट सामने पाहत. प्रेक्षकांना घरून बीअर आणण्याची मुभा होती. गंमत अशी की याच उन्हाळ्यात मिलवॉकीच्या बीअर कामगारांनी संप पुकारला, तो १४ मेपासून ७६ दिवस चालला आणि त्यातून सावरेपर्यंत श्लिट्झने देशातले पहिले स्थान अ‍ॅनहायझर-बुशकडे गमावले. पण शहराच्या मुख्य उद्योगाला टाळे लागलेले असतानाही स्टेडियम रिकामे पडले नाही. पेरिनी यांनी घरच्या सामन्यांचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण होऊ दिले नाही. खेळ पाहायचा तर तिकीट काढून यावे, हे त्यांचे गणित होते.

खेळही तोलामोलाचा झाला. २१ वर्षांच्या एडी मॅथ्यूजने ४७ होम रन मारून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, स्पानने २३ सामने जिंकून दिले, आणि आदल्या वर्षी सातवा आलेला संघ ९२ विजय व ६२ पराभवांसह दुसऱ्या स्थानी पोहोचला. विजेता ब्रुकलिन डॉजर्स १३ सामन्यांनी पुढे होता. प्रेक्षकसंख्येची यादी मात्र नेमकी उलटी लागली : मिलवॉकीत १८,२६,३९७ प्रेक्षक आले, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या जवळजवळ तिप्पट, हा नॅशनल लीगचा तोवरचा उच्चांक होता, आणि विजेत्या ब्रुकलिनला १२ लाखांचा आकडाही गाठता आला नाही.

हा विरोधाभास ब्रुकलिनचे मालक वॉल्टर ओमॅली यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. एबट्स फील्ड हे त्यांचे मैदान लहान, जुने आणि वाहनतळाची सोय नसलेले होते. मिलवॉकीनंतर इतर संघही हलू लागले : १९५४ मध्ये ब्राउन्स बाल्टिमोरला गेले, १९५५ मध्ये फिलाडेल्फियाचे अ‍ॅथलेटिक्स कॅन्सस सिटीला, आणि १९५८ मध्ये डॉजर्स व न्यूयॉर्क जायंट्स थेट कॅलिफोर्नियात पोहोचले. दरम्यान नोव्हेंबर १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘टूलसन’ खटल्यात बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट कायम ठेवली होती. ही सूट म्हणजे संघमालकांनी आपसांत ठरवून बाजारपेठा वाटून घेण्यास दिलेली मोकळीकच होती.

मिलवॉकीने १९५७ मध्ये न्यूयॉर्क यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज हे सर्वोच्च अजिंक्यपद जिंकले, पण १९६६ च्या हंगामापूर्वी नव्या मालकांनी संघ अटलांटाला नेला. विस्कॉन्सिन राज्याने न्यायालयात दाद मागितली, खालच्या न्यायालयात ते जिंकलेही, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ मतांनी हरले. कारण तीच सूट. चार वर्षांनी मोटारविक्रेते बड सेलिग यांनी सिअ‍ॅटल पायलट्स हा एकच हंगाम खेळून दिवाळखोरीत निघालेला संघ विकत घेतला, आणि त्या शहराचा एकुलता एक संघ मोसमाच्या तोंडावर उचलून मिलवॉकीला आणला गेला. पायलट्सच्या गणवेशांवरची अक्षरे उसवून तिथे ब्रूअर्स हे जुनेच नाव शिवले गेले, आणि ७ एप्रिल १९७० रोजी काउंटी स्टेडियमवरचा पहिला सामना हा संघ १२-० असा हरला.