वादळांची वही : पालघर किनाऱ्याची चार शतके

तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे हे किल्ले आपल्या परिचयाचे आहेत. पोर्तुगीजांनी ते कसे राखले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे कसे आले, हा इतिहास आपण शाळेत वाचला. मात्र ज्या समुद्रावर नजर ठेवण्यासाठी हे बुरूज उभारले गेले, त्या समुद्राचा, त्यावरील वाऱ्याचा आणि डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याचा इतिहास कुणी सलगपणे लिहिलेला नाही. आज 'हवामानबदल' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. हिमालयातील हिमनद्या आणि ध्रुवाजवळचे बर्फ यांच्या संदर्भात आपण तो ऐकतो, आणि म्हणून तो दूरचा वाटतो. वैतरणेच्या मुखापासून डहाणूपर्यंतच्या आपल्या किनाऱ्याची जुनी-नवी वही उघडून या शब्दाचा अर्थ पडताळून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वहीचे पहिले ठळक पान १६१८ सालचे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात वसई प्रांतावर एक भयंकर तुफान कोसळले. त्याचे वर्णन पोर्तुगीज काळातील वृत्तांतांच्या आधारे इंग्रजी अमदानीतील लेखकांनी जतन करून ठेवले आहे. वाऱ्याने समुद्राचे पाणी वस्तीत ढकलले, देवालयांची व मठांची छपरे उडाली, माडांच्या वाड्या मुळासकट उन्मळून पडल्या. आगाशी येथे एक लहान गलबत समुद्रातून उडून एका घरावर आदळले व त्यात माणसे दगावली, असेही त्या वृत्तांतात नमूद आहे. या तुफानापाठोपाठ पावसाने दडी मारली आणि दुष्काळ पडला. हवालदिल आईबापांवर पोटची मुले विकण्याची पाळी आली. एकाच वर्षात आधी पाण्याचा कहर व मग पाण्याचा अभाव, असा तो दुहेरी घाला होता. हे वर्णन आज वाचताना आम्हांला विशेष वाटते ते यासाठी की, अतिवृष्टी आणि अवर्षण ही एकाच घरची भावंडे आहेत, हे शास्त्रज्ञांचे आजचे म्हणणे त्यात अगोदरच दिसते.

पुढील पाने विरळ आहेत. १८५४ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदराला एका चक्रीवादळाने तडाखा दिला. १८८८ च्या नोव्हेंबरात 'वैतरणा' नावाची आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात उतारूंसह बेपत्ता झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. नाव आपल्या नदीचे, पण तिचा शोक मुख्यतः कच्छ-काठियावाडातील घराघरांत झाला. त्यानंतर १९४८ च्या नोव्हेंबरातील वादळ मुंबईच्या आसपास किनाऱ्यावर आदळले. ही यादी परिपूर्ण आहे असा आमचा दावा नाही. अनेक वादळे नोंदीवाचून विरून गेली असतील. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. या किनाऱ्यावरचे मोठे वादळ ही पिढीतून एखाद्या वेळी घडणारी आणि म्हणूनच पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी घटना होती.

याला भूगोलाचे कारण होते. चक्रीवादळाला बळ मिळते ते समुद्राच्या उबेतून. पृष्ठभागाचे पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याची वाफ वर जाते, ती थिजताना उष्णता बाहेर टाकते आणि त्या उष्णतेवर वादळ पोसले जाते. अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या मानाने थंड. त्यामुळे उपसागरात चार वादळे झाली तर इकडे एक, असे ढोबळ प्रमाण हवामानाच्या पुस्तकांतून सांगितले जाई. आपला किनारा त्या थंडाव्याच्या आश्रयाने नांदत होता.

तो आश्रय आता डळमळला आहे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठतापमान सरासरी एक अंशाने वाढले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केलेली आहे. तीत अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. अतितीव्र वादळांची वाढ तर १५० टक्के होती. अंकांची भाषा रुक्ष असते, पण आपल्या आठवणी तिला दुजोरा देतात. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आले. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी'च्या पावसामुळे पालघर जिल्ह्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर उतरले. तत्पूर्वी आपल्या जिल्ह्यातील किनारी वस्त्या हलविण्यात आल्या होत्या आणि अणुऊर्जा केंद्र व रासायनिक कारखाने यांबाबत खबरदारी घ्यावी लागली होती. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. त्या दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्रावरील कामगारांचा 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि सत्तरांहून अधिक कामगार प्राणास मुकले. पूर्वी पिढीतून एकदा लिहावे लागणारे पान आपण आता वर्षा-दोन वर्षांनी लिहीत आहोत.

वादळ हा झाला ठळक प्रसंग. खरा बदल ऋतूंच्या रोजच्या चालीत आहे. मृगाचा पाऊस, नारळी पौर्णिमेला समुद्राला श्रीफळ अर्पून होड्या लोटणे, दसरा-दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी, हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात वलांडीवर बोंबील सुकवणे ही आपल्या किनाऱ्याची न लिहिलेली घटना होती, आणि तिच्यावर सर्वांचा संसार उभा होता. मुंबई परिसरात मान्सून साधारण ११ जूनला येतो असे हवामान खाते धरते. २०२३ साली तो २५ जूनला आला, आणि २०२५ साली २६ मे रोजीच दाखल झाला. दोन वर्षांच्या अंतरात महिनाभराचा हा फरक! २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' व 'महा' या वादळांच्या काळातील अवकाळी पावसाने कोकणातले कापणीला आलेले भात आडवे केले. कापून ठेवलेल्या लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. वलांडीवरची मासळी एका सरीने भिजली की ती खतावाचून दुसऱ्या कामाची राहत नाही. घोलवड-डहाणूच्या चिकूलाही लांबलेल्या पावसात बुरशी धरते व फळगळ होते. ज्यांची मिळकत उन्हावर अवलंबून आहे, त्यांना पावसाच्या एका चुकीच्या दिवसाची किंमत विचारावी.

आता बर्फाकडे वळू. सातपाटी, नवापूर, मुरबे, दांडी येथील नाखवा डिझेल आणि बर्फ भरून घेतल्यावाचून समुद्रात जात नाही. पापलेट जवळच्या पाण्यात कमी झाले, म्हणून होडीला अधिक लांब जावे लागते. जितके दिवस समुद्रावर जास्त, तितका बर्फ जास्त आणि तितका खर्चही जास्त. त्या बर्फाचा हिशेब प्रत्येक घर जाणते. दुसरा बर्फ ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि पर्वतांवरील हिमनद्या यांचा. तो वितळतो, तापलेले पाणीही फुगते, आणि दोहोंमुळे समुद्राची पातळी चढते. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातील सरासरी चढ सुमारे २० सेंटिमीटर झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत ती वर्षाला १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ या काळात ती ३.७ मिलिमीटर झाली. वीतभर पाणी ते काय, असे कुणी म्हणेल. परंतु पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वाऱ्याची जोड मिळाली, म्हणजे हीच वीत धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावरून उडी मारून गावात शिरते. सातपाटीच्या रहिवाशांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

आपल्या पूर्वजांनी समुद्राशी सीमा आखली होती. खाडीच्या काठी मातीचे बांध घालून खाजणात भात पिकवले, बांधाबाहेर तिवरांचे रान राखले. लाटांचा पहिला मार तिवरे झेलीत. १९४८ च्या खारजमीन कायद्याने या बंदिस्तीला सरकारी आधारही दिला. पुढे बांध दुर्लक्षित झाले, तिवरे तुटली, खाडीत भराव पडले. जुलै २०१८ च्या पावसात वसईच्या मिठागरांत शेकडो माणसे अडकली आणि नालासोपाऱ्याजवळ रेल्वेगाडी पाण्यात थांबली. तेव्हा आकाशातून किती पाणी पडले याइतकाच, ते जायला वाट किती उरली होती, हाही प्रश्न होता.

किनाऱ्यावर पाणी नको तितके. आणि पूर्वेला डोंगरात? जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत तेथील आदिवासी पाड्यांवर टँकर धाडावे लागतात आणि वारली, कोकणा स्त्रिया हंडा घेऊन कोरड्या विहिरींच्या तळाशी उतरतात. काळ्या कातळाची भूमी, तीव्र उतार आणि मातीचा पातळ थर यांमुळे पाणी मुरत नाही. पाऊस रिमझिम व दीर्घकाळ पडला तर थोडे तरी भूगर्भात उतरते. तेच पाणी चार दिवसांत धो-धो कोसळले तर ते ओढ्याने थेट खाडी गाठते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवते. म्हणून कोरडे दिवस लांबतात, आणि पाऊस येतो तो घागरी उपड्या केल्यासारखा. वरच्या मंत्रालयीन अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस एकूण सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ज्या भागांत ही घट ठळक आहे त्यांत पश्चिम घाट येतो.

त्यात माणसाने केलेले वाटप मिळवावे. सूर्या नदीवरचे धामणी धरण डहाणू-पालघरच्या शेतीसाठी योजिले गेले. आज त्याच नदीवरील ४०३ दशलक्ष लिटरांची योजना वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी आहे. मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले. त्याचे पाणी मुंबईला जाते. शहरातल्या नळालाही तहानलेली माणसेच उभी असतात, त्यांत आपलेही आप्त आहेत, हे आम्ही विसरत नाही. मात्र पाणी बेभरवशाचे झाले की वाटपातील प्रत्येक अन्याय दुप्पट बोचतो. १९६९ साली तारापूरला अणुवीज सुरू झाली, बोईसरला औद्योगिक वसाहत आली, डहाणूला कोळशावरील वीजकेंद्र आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. समुद्रातील त्याच्या भरावाने प्रवाह, किनारा आणि मासेमारी यांचे काय होईल, हा मच्छीमारांचा सवाल आहे. तो अडाणीपणातून आलेला नाही. चार शतके समुद्र वाचणाऱ्यांचा तो सवाल आहे.

वादळे पूर्वीही होत होती, मग आजच एवढा गाजावाजा कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. १६१८ चे पान त्यास अर्धे उत्तर देते : होय, होत होती. उरलेले अर्धे उत्तर पुढील पानांमधल्या अंतरात आहे. अंतर घटत चालले, ऋतूची तारीख हरवली आणि समुद्राची रेघ वर सरकली, तर त्याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळून मानवाने वातावरणात जी उष्णता कोंडली, तिची ही खूण आहे, आणि ती पुसण्याची जबाबदारी ज्यांनी अधिक जाळले त्यांच्यावर अधिक आहे. होडीतल्या खलाशाचा आणि पाड्यावरच्या बाईचा त्यातील वाटा नगण्य. भोग मात्र पहिला त्यांचा.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. आगाशीच्या त्या घराची वार्ता आपल्यापर्यंत पोचली, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. गावोगावच्या झोपड्यांची वार्ता पोचली नाही, कारण ती कुणी लिहिली नाही. आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या निष्ठेने होत आल्या आहेत. त्याच शिस्तीने प्रत्येक गावाने आणखी एक वही ठेवावी. पहिला पाऊस कोणत्या तारखेला आला, कोणत्या महिन्यात विहिरीचा तळ दिसला, कोणत्या उधाणाला पाणी कुठल्या उंबऱ्यापर्यंत पोचले, हे तीत लिहावे. शाळकरी मुलांनाही हे काम जमेल. उद्या बंधारा मागताना, पाण्याचा हक्क मांडताना किंवा एखाद्या प्रकल्पाला जाब विचारताना ही वही आपली साक्षीदार होईल. चारशे वर्षांनंतर ती कुणी उघडलीच, तर आपण निदान डोळे उघडे ठेवून जगलो, एवढे त्याला कळेल.